चौथ्या रिळाचा आवाज

मौलिदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या, आदल्या दिवशी समुद्रकाठच्या महदियातल्या कुठल्याही घरात डोकावा, एकच देखावा दिसतो. शेगडीवर मोठं पातेलं, त्यात झगूगूच्या, म्हणजे पाइनच्या, बिया वाटून काढलेला काळा रस, आणि लाकडी पळी धरून घामाघूम झालेली एखादी बाई. ही असीदा, मौलिदची खीर, शिजताना हात थांबवायचा नसतो. थांबला की गुठळ्या होतात, आणि वाडगे तर गल्लीभर वाटायचे असतात, त्यामुळे त्या गुठळ्यांची चर्चा पुढच्या मौलिदपर्यंत पुरते. स्कंदरानींच्या घरात पळी नेहमीप्रमाणे शेरीफाकडे होती. ऐंशीच्या घरात पोचली तरी ती तिनं सुनेच्या हाती दिली नव्हती. पण आज तिचा मुलगा राऊफ ट्युनिसहून आला होता आणि उंबऱ्यातून आत येता येताच त्यानं तो विषय काढला होता. यंदा गुठळ्या होणार हे शेरीफाला दिसत होतं.

“संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय, आई. स्टुडिओतला माणूस माझ्या फोनची वाट बघतोय.”

“बघू दे. वाट बघून कुणी मरत नाही.”

“महोत्सव तोंडावर आलाय.”

“तुझं सगळंच तोंडावर येतं. जन्मलास तोसुद्धा सुईण यायच्या आधी.”

बदाम सोलत बसलेली फौझिया खुदकन हसली. ती राऊफची थोरली बहीण. तिचं सगळं आयुष्य ट्युनिसच्या एका खोलीत दुसऱ्यांच्या फिल्मा कापण्यात आणि जोडण्यात गेलं होतं. वडील गेल्यापासून या दोघा भावंडांनी एकमत होण्याचा नादच सोडून दिला होता. राऊफ हो म्हणाला की फौझिया नाही म्हणायची, आणि तिला कारण नंतर सुचायचं.

आज मात्र तिच्याकडे कारण होतं. त्यांच्या वडिलांचा, तिजानी स्कंदरानींचा, पहिला सिनेमा ‘मिठागरातली मुलगी’ पन्नासेक वर्षांनी महोत्सवात पुन्हा पडद्यावर येणार होता. तो काढला तेव्हा देश नुकता कुठे पोरवयात आला होता आणि देशाचा सिनेमा रांगत होता. कॅमेरा बातमीपटवाल्यांकडून उसना आणायचा, फिल्म बोटीनं रोमला धुवायला पाठवायची आणि काय टिपलंय ते कळायला महिना महिना बसून राहायचं. कॅमेऱ्यात वाळू गेली होती हे समजेपर्यंत नटांना दाढ्या फुटलेल्या असायच्या. त्या सिनेमाच्या चित्राची निगेटिव्ह रोमच्या एका तळघरात धडधाकट सापडली. आवाजाची रिळं ट्युनिसमध्येच होती, आणि ती तपासायचं काम आलं राऊफच्या मुलीकडे, युस्रकडे. जुन्या फिल्मा जपणं हीच तिची नोकरी. तिनं चौथा डबा उघडला तेव्हा सिरक्याचा असा भपकारा आला, की तिला वाटलं कुणी त्यात लिंबाचं लोणचं घालून ठेवलंय. आतली पट्टी हात लावताच तुकडे होऊन पडली. गावोगाव सिनेमा दाखवणाऱ्या गाडीनं प्रती फिरवून फिरवून चिंध्या केल्या होत्या, म्हणजे दुसरीकडे कुठे तो आवाज शिल्लक असण्याची आशा नव्हती.

आणि चौथ्या रिळातच तो प्रसंग होता. मिठाच्या ढिगांमध्ये उभी राहून मुलगी बापाशी बोलते तो. ज्यांनी ज्यांनी सिनेमा पाहिला त्यांना आपण तिथे रडलो हे आठवत होतं. ती काय बोलली ते एकालाही आठवत नव्हतं.

“पटकथेत काय आहे?” शेरीफानं विचारलं. हा प्रश्न तिनं आठवड्यात चौथ्यांदा विचारला होता.

“‘मुलगी बापाशी बोलते.’” युस्र म्हणाली. “एवढंच, आजी.”

“हा तुझा आजोबा! घरात बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि लिहायची वेळ आली की एवढंच.”

“आणि ती ओठ वाचणारी बाई?” राऊफनं मुलीला विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं. ते पुन्हा ऐकायची हौस होती.

युस्रनं उसासा टाकला. खास बोलावलेली ती बाई दोन तास पडद्याला नाक लावून बसली होती आणि शेवटी घाबरीघुबरी होऊन म्हणाली होती, की ही मुलगी आकडे मोजतेय. इटालियनमध्ये. अठ्ठावीसपर्यंत मोजते, मग डोळे पुसते आणि पुन्हा एकपासून सुरू करते.

यात नवल काही नव्हतं. रोमच्या भागीदारांनी पैसा लावला, त्याबरोबर आपली नटीही गळ्यात घातली. ओर्नेला नेपल्सची, अरबीचा तिला गंध नाही. तिजानीनं तिला सांगितलं, तू नुसती मोज. रागानं मोज, लाडानं मोज, तोंड हललं म्हणजे झालं. ती इतकी जीव तोडून मोजायची की एकदा सतरावर आली असताना छत्री धरणारा माणूस हमसून हमसून रडला होता. तिच्या हलत्या ओठांवर नंतर जो आवाज बसवला तो तिजानीच्या धाकट्या बहिणीचा होता.

ती धाकटी बहीण या क्षणी आतल्या चौकाच्या पायरीवर, मांडीवर ताट घेऊन बसली होती आणि असीदावर घालायच्या पांढऱ्या सायीवर पिस्त्यांची नक्षी कशी काढायची याचा विचार करत होती. मन्नूबिया आत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका, लग्न न केलेली. निम्म्या महदियाला पाढे तिनं शिकवले होते. आपल्याबद्दल चाललेलं सगळं तिला ऐकू येत होतं आणि ती एका अक्षरानं मध्ये पडत नव्हती.

“तिला विचारलंत का?” शेरीफानं आवाज खाली आणून विचारलं.

“दहादा,” युस्र म्हणाली. “म्हणते, विसरले.”

“विसरली? ही? कुठल्या साली कुठल्या पोराला सातचा पाढा आला नाही ते सांगेल ती तुला.”

“म्हणून तर म्हणतो,” राऊफ पुढे सरसावला. “तिला त्रास नको. बाकीच्या रिळांत तिचा आवाज आहे. तेवढ्यावरून यंत्र तिचा आवाज तयार करतं. हुबेहूब, एकविसाव्या वर्षीचा. शब्द मी एका चांगल्या कवीकडून लिहून घेतलेत. आईला चालेल, आत्याला चालेल, तर मी आत्ता फोन करतो.”

“मला चालणार नाही,” फौझिया म्हणाली.

“तुला विचारलंच नाही.”

“बाबांनी चित्रात एक चौकट इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, आणि तू त्यांच्या सिनेमात यंत्राला बोलायला लावणार? त्यापेक्षा तो प्रसंग मुका राहू दे. किंवा आत्यानंच बोलावं, आहे त्या आवाजात.”

“वीस वर्षांच्या पोरीच्या तोंडून म्हातारीचा आवाज? लोक हसतील, फौझिया.”

हे वाक्य पायरीपर्यंत पोचलं. मन्नूबियाच्या बोटातला पिस्ता जागच्या जागी थबकला, मग सायीवर बसला.

“करा काय करायचं ते,” ती तिथूनच म्हणाली. “माझी हरकत नाही.”

राऊफनं हात पसरले. झालं ना, असा त्याचा चेहरा होता. शेरीफानं नणंदेच्या पाठीकडे पाहिलं. पन्नास वर्षं या दोघी एका छपराखाली राहिल्या होत्या. आधी तिजानीच्या सिनेमांनी घर रिकामं ठेवलं म्हणून, मग मुलं ट्युनिसला गेली म्हणून, आणि गेली तीन वर्षं तिजानीच नाही म्हणून. ‘माझी हरकत नाही’ हे मन्नूबिया कधी म्हणते ते शेरीफाला पक्कं माहीत होतं. दातात कळ आली तरी ती तसंच म्हणते.

“आधी ऐकव,” शेरीफा म्हणाली. “विकत घ्यायच्या आधी टरबूजसुद्धा वाजवून बघतात.”

युस्रनं बदामांच्या ताटाशेजारी आपला लॅपटॉप उघडला. तिला मनापासून वाटत होतं की हे वाईट निघावं, म्हणजे प्रश्न मिटेल. तिनं बटण दाबलं. पडद्यावर मिठाचे ढीग, वारा, आणि ओर्नेलाचे ते मोठे मोठे डोळे. आणि मग आवाज आला.

वाईट नव्हता तो. तोच होता. थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी किंचित वर उचलला जाणारा, महदियाच्या बायकांचा. तो म्हणत होता, “बाबा, माझ्या रक्तात समुद्र आहे आणि तुमच्या भिंतींना दार नाही. मी या मातीची उद्याची पहाट आहे...”

फौझियाच्या हातातला बदाम निसटला. “अगं बाई,” ती पुटपुटली. “तीच. अगदी तीच. आत्या मला शाळेत सोडायला यायची तेव्हाची.” तिचे डोळे भरून आले. क्षणापूर्वी यंत्राला शिव्या देणारी ही बाई आता पडद्याकडे झुकून बसली होती. “राऊफ, हे... हे ठेवायला हरकत नाही रे. पुन्हा लाव.”

पण राऊफचा चेहरा उतरला होता. स्टुडिओत त्यानं हे ऐकलं होतं तेव्हा काही वाटलं नव्हतं. इथे, असीदाच्या वासात, त्याला तो आवाज ओळखता आला. लहानपणी ताप आला की याच आवाजानं त्याला झोपवलं होतं. बंदरावरून घरी ये, पाय धू, हे याच आवाजानं सांगितलं होतं. आणि आता तो एखाद्या मंत्र्यासारखा भाषण करत होता.

“जरा जड झालंय,” तो म्हणाला.

“जड?” पायरीवरून मन्नूबिया म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. ताट बाजूला ठेवून ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “मी या मातीची पहाट? अरे, मी आमच्या बाबांशी असं बोलले असते तर त्यांनी पायातली चप्पल काढली असती. बापाशी कोण असं बोलतं?”

“मग कसं बोललीस ते सांग ना,” शेरीफा म्हणाली. “मी नवी नवरी होते. थिएटरच्या सज्जात बायकांमध्ये बसले होते. रडून माझा पदर ओला झाला आणि मला आज एक शब्द आठवत नाही. तुझ्या भावाला विचारलं तर म्हणायचा, तिला विचार. तुला विचारलं तर तू विसरलीस. मी मरायच्या आधी मला ऐकायचंय, मन्नूबिया.”

मन्नूबियानं दाराची चौकट धरली. युस्रनं स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा ती बसली.

“ते झोहराचं बोलणं नव्हतंच,” ती म्हणाली. झोहरा म्हणजे सिनेमातली मुलगी. “आवाज द्यायला आमच्या बाबांनी, तुमच्या आजोबांनी, परवानगी दिली ती एका अटीवर. आवाज कुणाचा ते दिसत नाही, म्हणून चालेल. नाव मात्र पडद्यावर यायचं नाही. तुम्हाला माहीतच आहेत बाबा. मागाशी गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि बाबा आत हाक मारायचे, ‘ए घर, चहा टाक.’ आईला घर म्हणायचे, मला घर म्हणायचे. परक्या पुरुषासमोर बायकांचं नाव घ्यायचं नाही. सगळेच तसे होते, त्यांचा एकट्याचा काय दोष.”

पळी पातेल्यात फिरत होती तेवढाच आवाज.

“रेडिओच्या तळघरात काम चालायचं. फिल्मचा तुकडा गोल चिकटवून फिरवत ठेवायचे. ओर्नेला परत परत तोंड हलवायची आणि मी परत परत बोलायची, जमेपर्यंत. शेवटचा दिवस, खोली दुपारी सोडायची, आणि हा प्रसंग उरला. तिजानीनं डोकं धरलं. म्हणाला, ‘मला सुचत नाही. मुलगी बापाला काय म्हणते ते मला काय माहीत? तू मुलगी आहेस, तू बोल.’ मी बोलले. एकदाच. ओठांवर बसलं.” ती थांबली. “ओर्नेलाचा चेहरा पुढे होता म्हणून बोलले. तिच्या आडून. आता या वयात, या आवाजात, माझ्या नावानिशी तेच बोलू? चौऱ्याहत्तर वर्षांची बाई बापाकडे काहीतरी मागतेय. राऊफ म्हणाला ते बरोबर आहे. लोक हसतील.”

“मी ते...” राऊफ अडखळला. “आत्या, मी तसं म्हणालो नव्हतो.”

“म्हणालास.”

“म्हणालो,” राऊफनं मान खाली घातली. “चुकलं माझं.”

“कोण हसतं ते मी बघते,” शेरीफा म्हणाली. “युस्र, तुझ्याकडे आवाज टिपायचं काय असतं ते आणलंयस का?”

ते युस्रच्या पिशवीत कायमच असे. तिनं माइक बाहेर काढला, हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि ओशाळून म्हणाली, “आजी, शेगडीचा आवाज येतोय. पळीचाही.”

असीदा ऐन रंगात आली होती. आता थांबणं म्हणजे काय ते तिथल्या चौघींनाही कळत होतं आणि राऊफलाही कळत होतं. शेरीफानं पातेल्याकडे पाहिलं. मग तिनं गॅस बंद केला, पळी ताटलीत ठेवली आणि हात पदराला पुसले.

“वहिनी!” मन्नूबिया दचकली.

“होऊ देत गुठळ्या. बोल तू.”

फौझिया आत्याच्या मागे उभी राहिली. डबिंगमध्ये माणसाला नेमकं कुठे सुरू करायचं ते कळावं म्हणून खांद्यावर हलकी थाप देतात. तिनं ती दिली. पडद्यावर ओर्नेला आवाजाविना मोजायला लागली. मन्नूबियानं तिच्या ओठांकडे पाहिलं. पहिले दोन शब्द फाटके आले, मग आवाज लागला. कापरा होता, खोल होता, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला होता.

“बाबा, थोडं थांबा. रोज थांबत नाही, आज थांबा. तुम्ही पाहुण्यांना सांगता, घरानं चहा केला, घरानं रेशीम रंगवलं. माझे हात बघा, कोपरापर्यंत निळे झालेत. घराला हात असतात का, बाबा? मी रागावले नाही तुमच्यावर. मला तुमच्याजवळून कुठे पळून जायचं नाही. पण माझं नाव तुम्हीच ठेवलंत. मी जन्मले तेव्हा तुम्हीच माझ्या कानात सांगितलंत, आणि मग ते कुठे ठेवून दिलंत? एकदा हाक मारा मला. दुसरं कुणी ऐकत असताना मारा. मग म्हणाल त्या घरी जाईन.”

ओर्नेलानं दुसऱ्यांदा अठ्ठावीस म्हणून डोळे पुसले. मन्नूबिया तिच्याच बरोबर थांबली. पडद्यावरच्या म्हाताऱ्या बापानं मान खाली घातली आणि तो पाठ फिरवून मिठाच्या ढिगाकडे चालू लागला.

शेरीफा पदरात तोंड घालून रडत होती. दुसऱ्यांदा त्याच जागी.

“रेशीम?” फौझिया नाक ओढत म्हणाली. “आत्या, झोहराचा बाप मिठागरात काम करतो. तिथे रेशीम कुठून आलं?”

“मलाही बाहेर आल्यावर सुचलं ते. तोवर खोली सोडली होती.” मन्नूबियाच्या ओठांवर हसू आलं. “देशभर सिनेमा फिरला, एकाच्याही ध्यानात आलं नाही.”

“पणजोबांच्या?” युस्रनं हळूच विचारलं.

“त्यांच्या आलं असणार. विणकर माणूस. सिनेमा बघून आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी मी रंगाच्या हौदाशी गेले तर म्हणाले, हात धू. शिक्षिकांच्या शाळेत माझं नाव घालायला घेऊन गेले. तिथेसुद्धा कारकुनाला म्हणाले, ‘ही तुम्हाला नाव सांगेल.’ स्वतः घेतलं नाही.” तिनं डोळे टिपले नाहीत, वाहू दिले. “पण नेलं मला. हात धरून नेलं.”

राऊफ एकदम पुढे आला. “फौझिया, इथे बापाची पाठ आहे. तोंड दिसत नाही. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, तूच सांगतेस ना? माझा आवाज आजोबांसारखा आहे असं सगळे म्हणतात. मी मारतो हाक. एकच शब्द.”

कापणाऱ्या-जोडणाऱ्या फौझियानं आत्याकडे पाहिलं. मन्नूबियानं भाच्याचा गाल थोपटला, पाच वर्षांच्या पोराचा थोपटावा तसा.

“नको रे. ते बोलले नव्हते. जन्मभर जे त्यांना जमलं नाही ते आता त्यांच्या पाठीवर कशाला चिकटवायचं? जाऊ देत त्यांना तसेच.”

राऊफ फोन घेऊन चौकात गेला. पलीकडच्या माणसाला बहुधा बरंच काही विचारायचं होतं, कारण राऊफ बराच वेळ हो, नाही, नाही म्हणत राहिला.

“यंत्र रद्द. हो, कवीचे शब्दही रद्द. ध्वनिमुद्रण झालंय, मुलगी परवा घेऊन येईल. वयाचं तुम्हाला काय करायचंय? आहे तोच आवाज जाईल, आणि सुरुवातीच्या पाटीवर नाव जाईल. कुणाचं म्हणजे? आमच्या घरातल्याच एका...”

तो थांबला. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाळवण उचलत होतं, तेही थांबलं असावं.

“मन्नूबिया स्कंदरानी,” राऊफ म्हणाला. “मन्नूबिया बिन्त अमोर स्कंदरानी. अमोर विणकरांची मुलगी, माझी आत्या.”

मन्नूबिया स्टुलावरून उठली आणि दाराशी आली.

“मोठ्यानं सांग रे,” ती म्हणाली. “त्या माणसाला नीट ऐकू आलं नसेल.”

पलीकडच्या माणसाला व्यवस्थित ऐकू आलं होतं. राऊफनं तरीही छाती भरून श्वास घेतला आणि बंदरापर्यंत पोचेल अशा आवाजात ते नाव पुन्हा सांगितलं.